आग न लागलेल्या गाठी

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी अमळनेरला माहेरी आले ती लॅपटॉप घेऊनच, आणि पंधरा दिवस वरच्या खोलीत बसून हैदराबादच्या कार्यालयाचे काम केले. गेली ९ वर्षे मी एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत सॉफ्टवेअर अभियंता आहे. पण या ९ वर्षांत माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, मला काम करताना सलग असे कधी पाहिलेच नव्हते. चौथ्या दिवशी ते जिना चढून वर आले, कूलरच्या वाऱ्यात खुर्ची ओढून बसले, तासभर माझ्या स्क्रीनकडे पाहत राहिले आणि शेवटी म्हणाले, "पन तू नेमकं करस काय?" त्या तासाभरात मी एका सहकाऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रामच्या ७ ओळी वाचल्या होत्या, त्यांच्याबद्दल त्याला दोन प्रश्न विचारले होते आणि एका बैठकीत गप्प बसून ऐकले होते. प्रश्न रास्त होता.

अमळनेरच्या माणसाला मोठ्या कंपनीचे अप्रूप नाही, हे आधी सांगायला हवे. महंमद हाशम प्रेमजी यांनी १९४५ मध्ये याच गावात वनस्पती तुपाची कंपनी काढली, १९६६ मध्ये त्यांच्या निधनानंतर २१ वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट सोडून परत आले, पुढे तीच कंपनी संगणकाच्या धंद्यात शिरली आणि 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' या मूळ नावावरून बेतलेले विप्रो हे नाव जगभर गेले. तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेली घरे आजही गावात आहेत. त्यामुळे मी नोकरीला लागले तेव्हा शेजारच्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला तो "म्हणजे प्रेमजींकडे का?" असा, आणि मी नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जरा निराशाच दिसली. तूप आणि साबण दिसतात, त्यांचा वासही येतो. मी जे करते त्याला रूप नाही आणि वासही नाही.

आमचा गट १४ जणांचा आहे. जगभरात कोणी कंपनीची सेवा वापरली की त्याच्या संगणकाकडून येणारी प्रत्येक विनंती कोणत्या देशातल्या कोणत्या डेटा सेंटरकडे, म्हणजे कंपनीचे संगणक ठेवलेल्या केंद्राकडे, वळवायची, हे ठरवणाऱ्या यंत्रणेचा एक भाग आमच्याकडे आहे. भाग असे मुद्दाम म्हणते, कारण संपूर्ण यंत्रणा एकट्याच्या डोक्यात मावणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. लहान कंपनीत माझी सुरुवातीची दोन वर्षे गेली होती आणि तिथे सकाळी सुचलेला बदल दुपारी ग्राहकापर्यंत पोचत असे. इथे पहिल्याच महिन्यात मी एका संदेशातला एक शब्द बदलला, आणि तो बदल बाहेर पडायला ४ दिवस लागले. आधी तो दोन जणांनी वाचला, मग हजारो स्वयंचलित चाचण्या त्याच्यावरून गेल्या, मग तो कंपनीच्याच कर्मचाऱ्यांना दिसला, मग १ टक्का ग्राहकांना, मग १० टक्क्यांना आणि मग सगळ्यांना. प्रत्येक टप्प्यानंतर काही तास नुसते थांबणे. एका शब्दासाठी एवढा सोपस्कार पाहून मी घरी फोनवर वैतागून सांगितल्याचे आठवते की, इथे पगार घेऊन लोक वाट पाहत बसतात. ही सुस्ती आहे असेच वर्षभर माझे मत होते.

नानांना मात्र हे त्या दिवशी वरच्या खोलीत एका वाक्यात समजले, आणि त्याला कारण त्यांचा जिन, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचा कारखाना. नाना ३१ वर्षे जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर होते. कपाशीचा हंगाम सुरू झाला की दिवाळीपासून होळीपर्यंत ते घरात फक्त झोपायला येत, आणि आले की त्यांच्या भुवयांवर, कानांवर रुईची पांढरी लव बसलेली असे. जिनमध्ये कापूस आला की रोलरवर सरकी आणि रुई वेगळी होते, रुई प्रेसकडे जाते आणि तिची १७० किलोची गाठ बांधून निघते. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई मिळते, म्हणजे एका गाठीला ५ क्विंटल कापूस लागतो; नानांना कोणत्या दिवशीचा उतारा किती बसला आणि का कमी बसला, हे तोंडपाठ असे. कापूस दारातून आत येताना आणि गाठ ट्रकवर चढताना ते पाहत असत, आणि मधले एकही यंत्र असे नव्हते ज्याचा आवाज बदललेला त्यांना ऐकू आला नसता. संपूर्ण यंत्रणा डोक्यात मावणारा माणूस आमच्या कंपनीत मला भेटलेला नाही, असे मी वर म्हणाले ते यामुळेच.

जिनचा खरा शत्रू आग. कापसाबरोबर एखादा खडा येतो, खिळा येतो, विळ्याचे तुटलेले टोक येते. ते लोखंडावर घासले की ठिणगी पडते. उघड्यावर पेटलेला कापूस दिसतो, त्यावर पाणी मारता येते. भीती असते ती न दिसणाऱ्या ठिणगीची, जी रुईत लपून प्रेसपर्यंत जाते आणि गाठीत बांधली जाते. घट्ट दाबलेल्या गाठीत हवा पुरेशी नसते, म्हणून ती भडकत नाही, पण विझतही नाही. आतल्या आत धुमसत कित्येक दिवस तशीच राहते, आणि गोदामात शंभर गाठींच्या मधोमध जाऊन बसल्यावर एके रात्री तोंड काढते. मी सातवीत असताना एका संध्याकाळी नानांच्या जिनमध्ये ठिणगी दिसली आणि लगेच विझवलीही. तरी नानांनी त्या अर्ध्या तासात बांधल्या गेलेल्या गाठी गोदामात जाऊ दिल्या नाहीत. त्या आवारात, कुंपणाजवळ, एकमेकींपासून लांब लांब ठेवायला लावल्या, आणि ते रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक गाठीला सहाही बाजूंनी तळहात लावून ऊब पाहत फिरले. मुकादम कुरकुरला, कारण ट्रक रिकामा उभा होता. आठ-दहा दिवसांनी गाठी गार निघाल्या आणि गेल्या. आत काहीच नव्हते.

म्हणून मी जेव्हा नानांना १ टक्का, मग १० टक्के, मग थांबणे हा क्रम सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे गाठ बाहेर ठेवतस." मी ज्यावर सादरीकरणे पाहिली आहेत, ज्याला आमच्याकडे टप्प्याटप्प्याचे रोलआउट म्हणतात, ते एवढेच आहे.

ज्यांनी गाठ बाहेर ठेवली नाही, त्यांचे काय झाले हेही जगाने पाहिले आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल एकाच वेळी सगळीकडे गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. यापुढे अशा फाइली टप्प्याटप्प्याने सोडू, असे त्या कंपनीने नंतर जाहीर केले. त्याआधी ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकमध्ये नेहमीच्या देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने त्यांचे स्वतःचेच जाळे तुटले आणि फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप जवळजवळ ६ तास गेले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे ९ वाजून गेले होते. रावेरचे माझे मामा केळीचे बागायतदार. रात्री जेवण झाल्यावर व्हॉट्सॲपच्या गटांवर भावाची चर्चा वाचल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. त्या रात्री त्यांनी मला फोन करून विचारले की तुझ्या कंपनीने काही केले का. नाही म्हणताना मला हसू आले, पण पोटात गोळाही आला, कारण त्या जागी कोणीही असू शकते हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असते.

मी त्या जागी असण्याची वेळ त्यानंतर सहा महिन्यांनी आली. एखाद्या डेटा सेंटरकडून उत्तर येण्याची किती वेळ वाट पाहायची, याची मर्यादा मला वाढवायची होती. मी ३० हा आकडा लिहिला. माझ्या मनात ३० सेकंद होते. यंत्रणा तो आकडा मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, वाचत होती. म्हणजे मी वाट पाहण्याची मर्यादा वाढवण्याऐवजी ती डोळ्याची पापणी लवण्यापेक्षाही कमी करून ठेवली. दोन अनुभवी सहकाऱ्यांनी तो बदल वाचला आणि दोघांनीही संमती दिली. चाचण्याही उत्तीर्ण झाल्या, कारण चाचणीतले यंत्र शेजारीच असते आणि ते ३० मिलिसेकंदांच्या आतच उत्तर देते. बदल १ टक्क्यावर गेला, आणि सहाव्या मिनिटाला गजर वाजला. माझे हात थंड पडले होते, पण बदल मागे घेण्याचे बटण एकच असते आणि ते कसे दाबायचे याचा सराव आमच्याकडून दर महिन्याला करून घेतला जातो. अकराव्या मिनिटाला सगळे पूर्ववत झाले.

दुसऱ्या दिवशी अहवाल लिहायचा होता. मोठ्या कंपनीने मला जे काही शिकवले त्यात हा अहवाल मी सर्वांत वर ठेवीन. त्यात चूक करणाऱ्याचे नाव लिहीत नाहीत. 'अभियंत्याने आकडा बदलला' एवढेच असते. कोणी चूक केली हा प्रश्न बाजूला ठेवून, एका माणसाची चूक एवढ्या लांब कशी पोचू शकली, हे विचारले जाते. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमेझॉनच्या साठवण सेवेत एका आज्ञेतली एक नोंद चुकली आणि हवी होती त्यापेक्षा बरीच जास्त यंत्रे बंद होऊन अमेरिकेतली असंख्य संकेतस्थळे काही तास अडखळली. त्या कंपनीने जे निवेदन काढले त्यातही माणसाचे नाव नव्हते, आणि एका आज्ञेने एवढी यंत्रे एकदम काढता येऊ नयेत म्हणून काय बदलले, ते लिहिले होते. माझ्या प्रकरणात निघालेली दुरुस्ती हास्यास्पद वाटावी इतकी साधी होती: त्या मर्यादेच्या नावातच 'मिलिसेकंद' हा शब्द घातला गेला. आता तो आकडा लिहिणाऱ्याला एकक डोळ्यांसमोर दिसते.

हे सगळे ऐकून नानांनी विचारले, "मालक काही बोलना नही?" त्यांच्या जिनमध्ये नुकसान झाले की कोणाच्या तरी पगारातून कापले जाई, आणि ज्याचा आवाज लहान त्याच्या पगारातून ते कापले जाई. त्यामुळे ठिणगी पाहिलेला हमाल ती सांगायला घाबरत असे. नाना म्हणाले की गाठींपेक्षा त्यांना जास्त वेळ त्या हमालांशी बोलण्यात घालवावा लागे, दिसली तर सांगा, मी तुमचे नाव घेणार नाही, असे पटवण्यात. आमच्या अहवालामागचे तत्त्व याहून वेगळे नाही. फरक एवढाच की नानांना ते एकट्याला, मालकाच्या नकळत पाळावे लागले.

इथपर्यंतचे वाचून माझी कंपनी संतांची आहे असे वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगते. वर्षातून एकदा आमचे मूल्यमापन होते आणि बढती हवी असेल तर आपण काय केले, त्याचा काय परिणाम झाला, हे आकड्यांसह लिहून द्यावे लागते. तो कागद मला न ओळखणाऱ्या लोकांच्या समितीपुढे जातो. नवी यंत्रणा बांधली तर तिच्याविषयी भरभरून लिहिता येते. जुनी यंत्रणा वर्षभर पडू दिली नाही, तर लिहायचे काय? धुमसणाऱ्या गाठी मोजता येतात; गार निघालेल्या गाठींचे श्रेय कोणाला द्यायचे, याचा रकाना त्या कागदावर नाही. आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी ३ वर्षे जुन्या यंत्रणेतले धोके एकेक करून काढले, आणि त्या ३ वर्षांत बढती मिळाली ती शेजारच्या गटातल्या, नवी यंत्रणा बांधणाऱ्या मुलाला. ती नवी यंत्रणा दीड वर्षाने मोडीत काढावी लागली आणि मोडीत काढण्याचे काम पुन्हा त्या बाईंकडेच आले. मोठ्या कंपन्यांत एकाच कामाची दोन-दोन साधने का असतात, आणि एक बंद होण्याच्या वाटेवर व दुसरे अजून अपुरे असे का असते, याचे बरेचसे उत्तर माझ्या मते या कागदात आहे.

पैशाबद्दल गावात सगळ्यांना उत्सुकता असते, पण सांगण्यासारखे थोडेच आहे. पगार चांगला असतो, त्याच्या जोडीला कंपनीचे शेअर मिळतात, ते बहुधा ४ वर्षांत थोडे थोडे हाती येतात, आणि हाती आले की पगारासारखाच त्यांवर कर लागतो. शेअरचा पुढचा हप्ता येईपर्यंत थांबू, असे म्हणत माणसे राहतात. मीही राहिले आहे. जेवण फुकट असते. एकदा उपाहारगृहात 'खानदेशी शेवभाजी' असा फलक लागला होता. तिच्यात साखर होती.

नोकरी सुरक्षित असते हा समज मात्र २०२३ च्या जानेवारीत गेला. त्या महिन्यात गूगलने १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,००० लोक कमी करत असल्याचे जाहीर केले, आणि आमच्याकडेही तशीच लाट आली. एका सकाळी मी कार्यालयीन गप्पांची खिडकी उघडली तर डब्लिनमधल्या एका सहकाऱ्याचे नाव करड्या रंगात गेले होते. माझ्या ३० या आकड्याला संमती देणाऱ्या दोघांपैकी तो एक. तो गेला याची घोषणा झाली नाही, निरोपाचा चहा झाला नाही. नाव करडे झाले एवढेच. त्याने लिहिलेल्या भागात काही बदल करायचा झाला की यंत्रणा अजूनही त्याची संमती मागत असे आणि अर्थातच ती येत नसे, तेव्हा ७ आठवड्यांनी कोणीतरी मालकीच्या यादीतून त्याचे नाव काढून माझे घातले. माणूस यंत्राच्या कानाकोपऱ्यात इतका मुरलेला असतो आणि तरी त्याला काढायला एक ईमेल पुरते, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे मला तेव्हा कळले.

रात्रपाळीसारखा एक प्रकार आमच्याकडेही आहे. दर काही आठवड्यांनी एक आठवडा फोन माझ्याकडे असतो. गजर झाला की ५ मिनिटांत उत्तर द्यायचे. सेवा ९९.९९ टक्के वेळ चालू राहील असे वचन दिले, की महिन्यात बंद पडण्यासाठी जेमतेम ४ मिनिटे उरतात, त्यामुळे ५ मिनिटांत फोन उचलणारा माणूसही खरे तर उशिराच पोचतो आणि आधीचे काम यंत्रालाच करावे लागते. दोन वर्षांपूर्वी श्रावणात घरी कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, बसली तो रविवार माझ्याच आठवड्यात आला. भाऊबंद जमले होते, रात्रभर गाणी चालणार होती, आणि मी परसात मोबाइलच्या दोन कंपन्यांची दोन सिमे घेऊन, कोणत्या कोपऱ्यात कोणाची रेंज येते ते पाहत उभी होते. गजर पहाटे सव्वातीनला झाला. तो खोटा होता. एका मोजणी यंत्राचेच घड्याळ बिघडले होते. ते शोधायला ४० मिनिटे गेली. परत आले तेव्हा आईने कानबाईपुढे बसल्या बसल्या खुणेनेच 'विझली का' असे विचारले. घरात माझ्या कामाला तोवर आगीचेच नाव पडले होते, हे मला त्या वेळी उमगले नाही.

तर यंदाच्या त्या दुपारी गाठी बाहेर ठेवण्याचे नानांना पटले, आणि मला वाटले आता ते खाली जातील. पण ते उठले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "त्या एक टक्कामा कोन ऱ्हास?" मी सांगितले की कोणीही असू शकते, ग्राहकाच्या खाते-क्रमांकावर एक गणित करून यंत्रणाच निवड करते. ते म्हणाले की जिनची गाठ ही गाठ असते, तिला काही होत नाही. तुमच्या १ टक्क्यात माणसे आहेत. "त्यास्ले इचारतस का?" त्यांना विचारता का?

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि माझ्या लक्षात आले की या ९ वर्षांत हा प्रश्न ना मी विचारला, ना माझ्यासमोर कोणी विचारला. माझ्या त्या अकरा मिनिटांच्या चुकीत १ टक्का म्हणजे अगदी थोडे ग्राहक, असे अहवालात समाधानाने नोंदवले गेले होते आणि तो अहवाल मीच लिहिला होता. त्या थोड्यांत एखादे रुग्णालय होते का, हे आम्ही पाहिले नव्हते. पाहता आले असते. ग्राहकाचा प्रकार आमच्याकडे नोंदलेला असतो.

त्या रात्री मी अडीच पानांचा एक प्रस्ताव लिहिला. रुग्णालये आणि आपत्कालीन सेवा यांची खाती पहिल्या टप्प्यातून वगळावीत, आणि नवे बदल आधी वापरून पाहायला जे ग्राहक स्वतःहून तयार आहेत त्यांची यादी करून पहिला टप्पा त्यांच्यापासून सुरू करावा, असे त्यात आहे. नानांचा उल्लेख त्यात नाही. 'एका निरीक्षकाने विचारले' असे लिहिले आहे. प्रस्ताव १९ जणांकडे गेला आहे. आज सकाळपर्यंत त्यावर तीन शेरे आले. एकाने मागच्या वर्षी असाच प्रस्ताव दुसऱ्या गटाने मांडला होता का ते तपासायला सांगितले आहे, एकाने हे काम कोणत्या तिमाहीच्या उद्दिष्टात बसते असे विचारले आहे, आणि तिसऱ्याने दुसऱ्या परिच्छेदातला एक स्वल्पविराम काढून टाकला आहे.